आंबेखिंडच्या खाटा

आंबेखिंडचं रुग्णालय दोन जिल्ह्यांत सगळ्यात खाली आलं, ही बातमी नाथाजी सुभेदारांना भर बैठकीत कळली. चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो त्यांनी तसाच बशीत ठेवला.

बैठक रुग्ण कल्याण समितीची होती. कोयनेच्या वरच्या अंगाला, घाटरस्ता डोंगराला शेवटचा वळसा घालतो तिथं आंबेखिंड. सरकारी रुग्णालय लहानसंच, पण आसपासच्या वाड्यावस्त्यांना तेवढाच आधार. नाथाजी फौजेतून सुभेदार म्हणून घरी आले, तेव्हापासून समितीवर होते. अध्यक्ष कुणी का असेना, रुग्णालयाचं काही अडलं की लोक त्यांच्याच दारात यायचे.

डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनाही सांगताना जड जात होतं.

"सातारा आणि सांगलीतल्या सरकारी रुग्णालयांची गणितानं तुलना केलीय, सुभेदार. कुणाला काय दिलं आणि त्यानं त्यातून काय काम काढलं, ते बघायचं. कऱ्हाडच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी केलंय. आपण तळाला आलो."

"आलो तर आलो. पुढं काय?"

"पुढं असं, की आपला बाळंतपणाचा विभाग घाटाच्या पायथ्याला न्यायचा प्रस्ताव आहे. दोन्ही सिस्टर तिकडंच जातील. महिन्याभरात एक पथक येऊन पाहणी करेल आणि मग ठरेल."

सगळ्यांनी एकदा नाथाजींकडं पाहिलं आणि नजरा खाली घातल्या.

त्याला कारण होतं. नाथाजींची बायको चंद्राबाई याच घाटात गेली होती. दुसऱ्या खेपेला अडली, गावात काहीच सोय नव्हती म्हणून जीपमध्ये घालून खाली नेत होते. वाटेत दरड आली होती. जीप उभी राहिली ती राहिलीच. नाथाजी तेव्हा सरहद्दीवर. ते घरी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती आणि लहानगा यशराज शेजारणीच्या कडेवर होता. पुढं नोकरी संपवून आल्यावर या माणसानं सातारच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले की शिपायांनी त्यांचं नाव 'घाटातलं सुभेदार' ठेवलं. शेवटी बाळंतपणाचा विभाग झाला. त्या दिवशी नाथाजींनी चंद्राबाईच्या नावानं एक लोखंडी खाट रुग्णालयाला दिली. डोक्याच्या बाजूला पांढऱ्या रंगात तिचं नाव लिहून घेतलं. खाट बाळंतिणींच्या खोलीत लागली.

आणि गंमत अशी झाली की त्या खाटेवरच्या बाया सुखरूप सुटू लागल्या. सिस्टर हुशार होत्या, औषधं वेळेवर मिळत होती, हे खरं कारण. पण बायांनी ते खाटेला चिकटवलं. दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवतानाच बाई विचारायची, "चंद्राआजीची खाट मोकळी हाय का वो?"

मग गावात चालच पडली. कुणी गेलं की नाथाजी पाचव्या-सहाव्या दिवशी त्या घरी जायचे आणि म्हणायचे, "वर्षसराद्धाला गावजेवन घालू नगा. खाऊन लोक इसरत्यात. खाट द्या, नाव ऱ्हाईल." लोकांना पटलं. गाव फौजी, घरटी एक माणूस पलटणीत. मेलेल्याचं नाव कुठंतरी कोरलेलं असावं, ही गोष्ट फौजी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. दस्तगीर पिंजाऱ्यानं आपल्या शकिलाच्या चाळिसाव्याला खाट दिली, वर स्वतः भरलेली गादी दिली, आणि पुढं प्रत्येक खाटेची गादी त्यानंच भरली. सरकारच्या दहा खाटा होत्या. होता होता एकतीस झाल्या. दर महिन्याला वर जाणाऱ्या अहवालात सगळ्या एकतीस लिहिल्या जातात की नाही, हे नाथाजी जातीनं बघायचे. दिलेलं नोंदीला लागलं नाही, तर देणाऱ्याचं नाव राहणार कसं?

बैठक संपल्यावर दस्तगीर फाटकापाशीच उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"कोन ती मास्तरीन?" तो म्हणाला. "आपला दवाखाना न बघता नंबर लावती व्हय? चल, जाऊन इचारू."

"भांडाय न्हाई जायचं, दस्त्या. आपलं काय चुकलं तेवढंच इचारायचं."

"मी गप बसतो. पर घेऊन चल."

"तू आनि गप? कापूस पिंजताना तरी गप बसतोस का?"

दुसऱ्या दिवशी दोघं वडापनं कऱ्हाडला उतरले. जीपमध्ये चौघांच्या जागेत सातजण. दस्तगीर सगळ्या घाटभर ड्रायव्हरला गाडी कशी चालवावी ते सांगत होता. नाथाजींनी मात्र एका ठरावीक वळणावर नेहमीसारखी टोपी काढून हातात घेतली आणि वळण गेल्यावर पुन्हा घातली.

आसिया मॅडम कॉलेजात गणित शिकवायच्या. तिशी उलटलेली, साधी, बोलणं हळू. दोघे म्हातारे दारात पाहून त्या उठल्या, खुर्च्या पुढं केल्या. आंबेखिंडचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा किंचित बदलला.

"काका, तुम्ही रागावून आला असाल तर—"

"न्हाई बाई. फौजेत हुतो मी. पलटन मागं राहिली की पहिलं इचारायचं, कुठं कमी पडलो. तेच इचाराय आलोय."

मॅडमनी कॉम्प्युटर बाजूला सारून एक कोरा कागद पुढ्यात ओढला.

"प्रत्येक रुग्णालयाला सरकार काहीतरी देतं. डॉक्टर, सिस्टर, खाटा, औषधाचा पैसा. आणि रुग्णालय त्यातून काहीतरी काम काढतं. तपासण्या, बाळंतपणं, बरे होऊन गेलेले रोगी. आता कऱ्हाडच्या मोठ्या रुग्णालयाशी तुमची तुलना करणं हा अन्याय झाला असता."

"झालाच असता की!" दस्तगीर म्हणाला.

"म्हणून तसं केलेलं नाही. हे गणित प्रत्येकाला म्हणतं, तुझी जी बाजू चांगली तिला जास्त वजन दे. कुणाची बाळंतपणं जास्त, कुणाच्या तपासण्या जास्त. प्रत्येकाला आपल्या सगळ्यात चांगल्या बाजूनं उभं राहू देतं. मग तुमच्यासारखीच लहान, आडरानातली रुग्णालयं शोधतं आणि विचारतं, एवढंच काम ती किती सामानात करतात? तितक्याच सामानात कुणीच जास्त काम करत नसेल तर आकडा येतो एक. म्हणजे पुरेपूर."

"आनि आमचा?"

"शून्य पूर्णांक बेचाळीस."

"म्हंजी शंभरात बेचाळीस," दस्तगीर खुर्चीत ताठ झाला. "मग नापास कसं? आमच्या वक्ताला पस्तिसाला पास करत हुते."

मॅडमना हसू आलं, पण नाथाजींचं तोंड पाहून त्यांनी ते आवरलं. "काका, तुमच्या सिस्टरचं काम चांगलं आहे. तपासण्या बऱ्या आहेत. तुम्हाला खाली ओढतात त्या खाटा. खाटांचं वजन कुणालाही शून्य धरता येणार नाही, एवढी एक अट वरच्या समितीनं घातली होती. बाकीच्या रुग्णालयांत दहा-बारा खाटा आहेत. तुमच्याकडं एकतीस. एवढ्या खाटा आणि रोगी मात्र त्यांच्याइतकेच."

नाथाजी म्हणाले, "त्या सरकारनं दिल्याल्या न्हाईत, बाई. आमी दिल्यात."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. चंद्राबाईचं थोडक्यात, बाकीच्यांचं सविस्तर. मॅडम ऐकत होत्या. पेन त्यांनी केव्हाच खाली ठेवलं होतं.

"त्या खाटांवर कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मालकिनीच्या खाटंवर कायम कोन ना कोन असतंय. बाकीच्या अंथरून ठेवल्याल्या असत्यात. दर सोमवारी चादर बदलायला लावतो मी."

"कुणी झोपलेलं नसताना?"

"नाव हाय न्हवं त्यावर. मळकी चादर कशी ठेवायची?"

"त्या काय भाकरी मागत्यात व्हय?" दस्तगीरला राहवलं नाही. "सरकारचा छदाम लागला न्हाई त्यास्नी. मग गनिताला का टोचत्यात?"

"चाचा, खाट म्हटलं की तिच्यामागं जागा आली, झाडलोट आली, सिस्टरचा वेळ आला. तेवढं सगळं दिलंय आणि वापरलं नाही, असं ते धरतं. खाटेवर नाव कुणाचं आहे हे त्याला दिसत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि मलाही दिसलं नव्हतं. मी एकदा वर यायला हवं होतं."

"मग अहवालात धाच लिवू," दस्तगीर म्हणाला. "झालं काम!"

"पथक मोजायला येणार आहे. खाटा तिथंच ठेवून कागदावर कमी दाखवल्या, तर मी तो आकडा घेणार नाही. पाहणीपुरत्या लपवल्या तरी नाही. काका, तुम्ही एक करा. परत गेलात की त्या खाटा कुठं उभ्या आहेत आणि माणसं कुठं बसलीत, तेवढं बघा. मग आकडा खोटा वाटला तर मला फोन करा. मी येईन आणि तसं लिहून देईन."

परतीच्या वाटेवर दस्तगीर मॅडमची तारीफ करत होता. "आमच्यातलीच पोर. पर सरळ हाय, कुनाच्या भिडंत येत न्हाई." नाथाजी बोटांवर खाटा मोजत होते.

वडाप आंबेखिंडला थांबली ती रुग्णालयासमोरच. त्या दिवशी गरोदर बायांच्या तपासणीचा वार होता. नाथाजी फाटकातून आत गेले आणि पायरीशीच थबकले. असे वार त्यांनी कितीतरी पाहिले होते; आज मात्र मॅडमनी सांगितल्यासारखं पाहिलं.

बाया व्हरांड्यात बसल्या होत्या. भुईवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून. सातवा-आठवा महिना लागलेल्या पोरी, लांबच्या वस्त्यांवरून चालत आलेल्या, घोटे सुजलेले. वाऱ्यानं पावसाचा शिंतोडा आत येत होता, तसा एकीनं पदर पोटावरून घेतला. माया सिस्टर एका स्टुलावर बसून तिथंच, सगळ्यांच्या देखत, एकेकीचा दाब तपासत होत्या. आणि बायांच्या मागं, उघड्या दारातून, मोठं दालन दिसत होतं. कोरडं, उजेडाचं. दोन रांगांत खाटा. पांढऱ्या चादरी, एक सुरकुती नाही. डोक्याशी नावं. आणि माणूस एकही नाही.

"सिस्टर, ह्यास्नी आत का बसवत न्हाई?"

माया सिस्टरनी मान वर केली. "आत जागा कुठाय, सुभेदार? खाटा आहेत ना."

"मग खाटांवर बसवायचं."

"तुम्हीच तर म्हणाला होतात, नावाच्या खाटांवर कुणी उगाच टेकायचं नाही म्हणून."

म्हणाले होते. नाथाजींना चांगलं आठवत होतं. एका पोरानं चिखलाचे पाय लावले होते तेव्हा ओरडले होते. त्यांनी भिंतीला हात लावला. एक पोर त्यांच्याकडं बघून उठायला लागली, आवं आबा बसा म्हणाली. ते म्हणाले, "तू बस, बाळ." आणि घरी निघून गेले. मॅडमना फोन करायची गरज उरली नव्हती. आकडा खरा होता.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरले. खाटा परत न्या, दालन तपासणीला मोकळं करू, आलेल्या बायांना बसायला बाकं टाकू. ज्या तोंडानं द्या म्हणाले होते, त्याच तोंडानं न्या म्हणत होते. काहींनी मान डोलावली. काहींनी दार लावून घेतलं. लालासाहेबांनी मात्र चारचौघांत, देवळाच्या पारावर, त्यांना उभं केलं. त्यांचा धाकटा भाऊ सरहद्दीवरच्या बर्फात गेला होता. त्याच्या नावाची खाट दालनात दाराशीच होती.

"नाथाजी, आमी गावजेवन घालनार हुतो. तू आलास आनि आडवा पडलास. खाट द्या म्हनालास, दिली. माझी आई मरंपतूर दर सोमवारी जाऊन त्या खाटंला हात लावून यायची. आनि आता परत न्या म्हंतोस? एकदा पोचवल्यालं मानूस परत घरात आनायचं व्हय रं?"

नाथाजी खाली मान घालून ऐकत राहिले. लालासाहेब खोटं काही बोलत नव्हते.

"आनि तुझ्या बायकूची?" मागून कुणीतरी म्हणालं. "ती ऱ्हानारच आसंल की! ती तर वापरात हाय."

"ती कशी हलवील?" दस्तगीर उसळला. "त्याच खाटंवर समद्या बाया बाळंत होत्यात. गनिताला बी ती चालती. मला त्या मास्तरनीनं सोता सांगितलंय."

मॅडमनी असलं काही सांगितलं नव्हतं. पण खरं होतं तेच. दान दिलेल्या सगळ्या खाटांत तेवढी एकच अशी होती की जिच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं.

नाथाजींनी मान वर केली. "पहिली तिचीच निघंल," ते म्हणाले. "मग बाकीच्यांचं बघा."

घरी सून शिवांजलीनं ऐकलं तेव्हा ती चुलीपुढून उठून बाहेर आली. यशराज आता बापासारखाच पलटणीत होता, घरात ही दोघं आणि एक लहान पोर. ते पोर त्याच खाटेवर जन्मलेलं.

"मामंजी, ती नका काढू. तुमच्या पाया पडून सांगते. त्या रात्री मला वाटलं हुतं मी जगत न्हाई. वर नाव दिसत हुतं आत्यांचं. तेवढ्यावर निभावलं मी."

"निभावलीस ती सिस्टरच्या हातानं, पोरी."

"सिस्टरचा हात हुताच. पर धीर?"

नाथाजी उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "माझी ठेवून दुसऱ्याची कशी काढू? आनि दुसऱ्याची न्हाई काढली तर ती खोलीच खाली जाती. खोली गेली तर खाट कुठं ठेवू? घाटात?"

शिवांजलीनं पदर डोळ्याला लावला आणि चुलीपुढं परत गेली.

सकाळी दस्तगीर आला. एक कड नाथाजींनी धरली, एक त्यानं. बाळंतिणींच्या खोलीत त्या जागी माया सिस्टरनी सरकारी खाट सरकवली. दोन म्हातारे लोखंडी खाट घेऊन गावातून चालले, मध्ये दोनदा खाली ठेवली, दम घेतला. बघणारे बघत होते. कुणी थट्टा केली नाही. दस्तगीर तेवढा म्हणाला, "तुझ्या बायकूच्या मयताला तू नव्हतास. मी खांदा दिला हुता. आज तू हायस." नाथाजींनी तोंड फिरवलं. खाट उचलली.

दुपारी दस्तगीरनं शकिलाची खाट नेली. गादी मात्र त्यानं तिथंच ठेवली, तपासणीला येणाऱ्या बायांना टेकायला. मग एक एक घर यायला लागलं. लालासाहेब सगळ्यात शेवटी आले. एकटेच खाट ओढत नेऊ लागले, तेव्हा नाथाजींनी जाऊन दुसरी कड धरली. लालासाहेबांनी धरू दिली. वाटेत म्हणाले, "सोप्यात ठेवतो. म्हातारीच्या जागंवर." एवढंच.

पथक आलं तेव्हा आसिया मॅडमही बरोबर आल्या होत्या. त्यांनी दालनात बाकांवर बसलेल्या बाया पाहिल्या, पडद्याआड तपासणारी सिस्टर पाहिली, भिंतीवर जिथं खाटांची डोकी टेकलेली असायची तिथले रंग उडालेले पट्टे पाहिले. त्या पट्ट्यांपाशी त्या जरा थांबल्या. जाताना नाथाजींना एवढंच म्हणाल्या, "काका, आकडा काय येईल तो येईल. पण हे मी लिहीन."

मॅडमचा फोन आला तो बाजारच्या दिवशी. आकडा वर गेला होता. एक नव्हता, पण खूप वर. बाळंतपणाचा विभाग आंबेखिंडलाच राहणार होता.

"आनि बाई, आता तळाला कोन?" नाथाजींनी विचारलं.

"कुणीतरी असणारच काका. तुलना आहे ती. वाळव्याकडचं एक आहे. नाव नका विचारू. या वेळी मात्र नंबर लावायच्या आधी मी तिथं जाऊन येणार आहे. उद्याच इस्लामपूरची एसटी धरते."

"जावा," नाथाजी म्हणाले. "आनि तिथं कुनी म्हातारं भेटलं, तर त्याचं आदी ऐकून घ्या."

चंद्राबाईची खाट नाथाजींच्या सोप्यात, पुढच्या दाराशीच होती. ते स्वतः तिच्यावर झोपत नसत. बाजूला घोंगडं टाकून पडायचे. शिवांजली दर सोमवारी चादर बदलायची.

पावसाळा सरता सरता एके सकाळी वरच्या वस्तीवरची पल्लवी सासूबरोबर दवाखान्याला निघाली होती. दिवस भरलेले, चेहरा उतरलेला. ती रस्ता सोडून नाथाजींच्या दारात आली आणि उभी राहिली.

"आबा, चंद्राआजीची खाट इथं हाय म्हनं?"

नाथाजींनी हातातलं पान बाजूला ठेवलं. "हाय की."

"जरा टेकू?"

ते उठून अंगणात गेले. पाठ फिरवून उभे राहिले. मागं खाट करकरली, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा करकरली. पल्लवी पायरी उतरून आली तेव्हा चादरीला सुरकुत्या पडल्या होत्या. शिवांजली त्या नीट करायला पुढं झाली, तशी नाथाजींनी तिला हातानं थांबवलं.

"ऱ्हाऊ दे तशाच," ते म्हणाले. आणि पल्लवीकडं वळून, "जा बाळ आता बिगीबिगी. सिस्टर वाट बघत असतील."